दम्माममधले पन्नास तास

दम्माम आणि महाराष्ट्र यांच्या घड्याळांत अडीच तासांचं अंतर आहे. आईला फोन करायचा असेल तर हे अंतर काहीच नाही. पण तुम्ही इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिक्षिका असाल आणि तुमचं प्रशिक्षण भारतातून ऑनलाइन होत असेल, तर हेच अडीच तास वर्षभर पुरून उरतात. तिकडे सकाळी अकराला सत्र सुरू होतं, तेव्हा इथे साडेआठ वाजलेले असतात आणि आपण फळ्यासमोर उभ्या असतो. तिकडचा रविवार सुटीचा, म्हणून निवांत प्रशिक्षणाचा. इथे रविवार हा आठवड्याचा कामाचा पहिला दिवस. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार अशी सुटी असते. त्यातला शुक्रवार तिकडे कामाचा, म्हणजे जुळून येणारा दिवस काय तो शनिवार. आणि शनिवारी घरात काय काय वाट बघत असतं, ते संसार करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि गेली काही वर्षं सहावी ते आठवीच्या मुलींना गणित शिकवते. शाळेचं नाव सांगण्याचं कारण नाही. दम्माम, खोबर आणि धहरान ही तीन गावं आता एकमेकांना जवळजवळ चिकटलेली आहेत. १९३८ साली धहरानच्या विहिरीत तेल लागलं आणि या वाळवंटाचं नशीब पालटलं. पुढे तेलाबरोबर भारतीय माणसं आली, माणसांपाठोपाठ कुटुंबं आली आणि मुलांसाठी शाळा आल्या. भारतीय दूतावासाच्या छत्राखालची इथली मोठी भारतीय शाळा १९८२ सालची आहे. आमच्या शिक्षक खोलीत केरळ, तमिळनाडू, हैदराबाद, उत्तर प्रदेश असं सगळं असतं. मराठी बायका बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेक जणी नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, एमएस्सी, बीएड झालेल्या.

आता पन्नास तासांविषयी. २९ जुलै २०२० ला जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे, की प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. सीबीएसईने ते आपल्या शाळांना लागू केलं. त्याची साधारण विभागणी अशी, की पंचवीस तास मंडळाच्या किंवा सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणातून आणि उरलेले पंचवीस शाळेतल्या शाळेत. परदेशातल्या शाळाही याच मंडळाच्या, त्यामुळे आम्हीही त्यात आलो. पूर्वी आखातातल्या शिक्षकाला भारतातलं प्रशिक्षण मिळणं म्हणजे सुटीत गावी गेल्यावर जमलं तर जमलं. आता मोबाइल उघडला की अभ्यासक्रम हजर. हा बदल लहान नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या वेळी केंद्राची बैठक, मे महिन्याच्या उन्हातलं एखादं शिबिर आणि पोस्टाने येणारं ‘जीवन शिक्षण’ मासिक, एवढीच त्यांची शिकण्याची साधनं होती.

हा बदल आमच्याकडे सावकाश आला नाही, धाडकन आला. मार्च २०२० मध्ये दम्मामला लागून असलेला कतीफ भाग बंद झाला आणि ९ मार्चपासून देशातल्या सगळ्या शाळांना कुलूप लागलं. त्याआधी अडीच वर्षांपर्यंत सौदीत इंटरनेटवरून बोलण्याच्या सोयींवर बंदी होती. ती सप्टेंबर २०१७ मध्ये उठली, म्हणून तर आमचे वर्ग पडद्यावर भरू शकले. नाहीतर काय झालं असतं, विचार करा! त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस सौदी सरकारने आपल्या शाळांसाठी ‘मदरसती’ नावाचं व्यासपीठ सुरू केलं. अरबीत या शब्दाचा अर्थ ‘माझी शाळा’. मोठ्या मुलांचे वर्ग पुन्हा भरले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि लहानग्यांचे जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे प्राथमिकच्या मुलांनी जवळजवळ दोन वर्षं शाळेचा दरवाजा पाहिला नाही.

त्या पहिल्या महिन्यात आम्हाला पडद्यावर शिकवायला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्वतःची स्क्रीन मुलींना कशी दाखवायची, हे मला एका तमिळ सहकारी मॅडमनी फोनवरून शिकवलं. मी ते एका हैदराबादी मॅडमना शिकवलं. अभ्यासक्रम नंतर आले आणि मग इतके आले, की कुठला करू नि कुठला सोडू असं होऊन गेलं.

तिकडे गावी माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या दोघींच्या फोनवर पूर्वी पोरांची तब्येत आणि पावसापाण्याच्या गप्पा व्हायच्या. कोरोनानंतर त्यात ‘दीक्षा’ शिरली. केंद्र सरकारचं हे दीक्षा व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी सुरू झालं. २०१८ पासून आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवर जे क्यूआर कोड दिसू लागले, ते याच दीक्षाशी जोडलेले. क्यूआर कोडचं नाव निघालं की आम्हा सोलापूरकरांची मान ताठ होते, कारण माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात या कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही बातमी आमच्या शिक्षक खोलीत मी तीन भाषांत सांगितली होती!

दीक्षावरच ‘निष्ठा’ नावाचं शिक्षक प्रशिक्षण चालतं. २०१९ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा प्राथमिक स्तरावरच्या ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचं उद्दिष्ट होतं आणि ते समोरासमोर व्हायचं. कोरोनात ते ऑनलाइन झालं. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये निष्ठाचा तिसरा टप्पा आला, मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञानाचा. त्यात बारा अभ्यासक्रम. वहिनींनी ते मराठीतून केले, मोबाइलवर, रात्री, गच्चीवर बसून. कारण रेंज फक्त गच्चीवर.

एकदा त्या मला म्हणाल्या, “अगं, तीन-चार तासांचा एकेक कोर्स. त्यातली दहा मिनिटंच माझ्या कामाची निघाली. पण ती दहा मिनिटं मला आजवर कुणी सांगितली नव्हती.”

ती दहा मिनिटं होती मुलाच्या घरच्या भाषेविषयीची. वहिनींच्या शाळेत ऊसतोडीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं येतात. त्यातली काही लमाण तांड्यावरची. ती मुलं वर्गात गप्प बसायची आणि त्यांना ‘येत नाही’ असं सगळे धरून चालायचे. अभ्यासक्रमात सांगितलं होतं, की मुलाची घरची भाषा ही अडचण मानू नका, तिच्यावरून शाळेच्या भाषेकडे पूल बांधा. वहिनींनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला शाळेचा. आईला ‘याडी’, भाकरीला ‘बाटी’. आठवडाभर एक शब्द न बोललेली एक मुलगी तिसऱ्या दिवशी उठून स्वतः शब्द सांगायला लागली. हंगाम संपून ती गेली, तेव्हा तिला जोडाक्षरं येत नव्हती, पण साधी वाक्यं वाचता येत होती. “पुढच्या गावच्या बाईंनी एवढं धरून पुढं नेलं तरी मिळवलं,” वहिनी म्हणाल्या.

मी हे ऐकलं आणि माझ्या वर्गाकडे वळले. माझ्या मुली गरीब नाहीत, स्थलांतर मात्र त्यांचंही आहे. वर्गात शिकवायचं इंग्रजीतून आणि घरात सात-आठ भाषा. सातवीला अपूर्णांकांची बेरीज दिली, की दरवर्षी काही मुली एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहितात. वर वरची बेरीज, खाली खालची. मूल्यमापनावरच्या एका अभ्यासक्रमात सांगितलं होतं, की चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याआधी त्यामागचा विचार मुलाकडून काढून घ्या. वहिनींचा कागद आणि हे सूत्र, दोन्ही मी एकत्र वापरून बघितलं.

मुलींना विचारलं, अपूर्णांकाला तुमच्या घरी काय म्हणतात? त्यांनी घरी विचारून आणलं. हिंदीत ‘भिन्न’, मल्याळम आणि तेलुगूत ‘भिन्नम्’, तमिळमध्ये ‘पिन्नम्’, उर्दूत ‘कसर’. अरबीतही हाच शब्द, ‘कस्र’. मग अर्थ शोधला. भिन्न म्हणजे फुटलेलं, वेगळं झालेलं. कस्र म्हणजे तोडणं. आमचा मराठी शब्द ‘अपूर्णांक’, पूर्ण नसलेला. एका मुलीने स्वतःहून म्हटलं, “म्हणजे हे तुकडे आहेत, मॅम.” मी म्हटलं, बरोबर. आता अर्धा खुबूस घे आणि त्यावर दुसऱ्या तेवढ्याच खुबूसचा तिसरा हिस्सा ठेव. तुझं उत्तर दोन पंचमांश. ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? ती थांबली. मग म्हणाली, “कमी! घातल्यावर कमी कसं होईल?” तिथून समान आकाराचे तुकडे करायला हवेत, हे तिचं तिलाच सुचलं. सहा भाग, त्यातले पाच. त्या वर्षी त्या वर्गात दोन पंचमांश लिहिणाऱ्या मुली कमी झाल्या. शून्य नाही झाल्या, कमी झाल्या.

आता दुसरी बाजू. कारण सगळं असं गोड असतं तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

मी ज्यांच्यासोबत काम करते, त्यातल्या अनेक जणींचं प्रशिक्षण कणीक मळताना होतं. मोबाइल ओट्यावर उभा, व्हिडिओ चालू, आवाज बंद. मध्येच ‘पुढे’ म्हणून बटण आलं की ओल्या बोटाने दाबायचं. शेवटच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं व्हॉट्सॲपवर आधीच फिरत असतात. दहा मिनिटांत प्रमाणपत्र. हे फक्त इथलं नाही. गावाकडेही असंच चालतं, वहिनींच्या ग्रुपवरही उत्तरांचे फोटो येतात. आणि हे करणाऱ्या सगळ्या आळशी आहेत म्हणाल, तर अजिबात नाही. त्यातली एक जण गणिताची इतकी उत्तम शिक्षिका आहे, की तिचा तास मी खिडकीतून ऐकत उभी राहते.

मग असं का होतं? दिवस बघा. पहाटे साडेचारला उठायचं, डबे, सहाच्या सुमारास बस, दुपारपर्यंत सलग तास, घरी आल्यावर वह्या, स्वतःच्या मुलांचा अभ्यास, रात्रीचा स्वयंपाक. त्यात पन्नास तास कुठून काढायचे, हे कुणी सांगत नाही. धोरणात एक महत्त्वाचं वाक्य आहे. हे पन्नास तास शिक्षकाने स्वतःच्या आवडीनुसार निवडावेत, असा त्याचा रोख आहे. पण दिल्लीहून दम्मामला येईपर्यंत त्यातली ‘आवड’ वाटेत गळते आणि ‘तास’ तेवढे पोहोचतात. शाळेला हवा असतो तक्ता: किती जणींचे किती तास पूर्ण. तक्ता भरायला सांगितलं, की माणसं तक्ता भरतात.

महाराष्ट्रातही वेगळं नाही. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठीचं प्रशिक्षण २०२२ मध्ये ऑनलाइन घेतलं गेलं, तेव्हा सुमारे ९४ हजार शिक्षकांची नोंदणी झाली होती. एवढ्या लोकांना एकाच वेळी वर्गखोल्यांत बसवणं शक्यच नव्हतं, ही ऑनलाइनची खरी ताकद. पण पगाराची पायरी ज्या प्रमाणपत्रावर अवलंबून, तिथे शिक्षक आधी प्रमाणपत्राकडे बघणार आणि मग धड्याकडे. हा माणसाचा स्वभाव आहे.

इथे त्याला आणखी एक धार आहे. जुलै २०१७ पासून सौदीत परदेशी कुटुंबांना प्रत्येक अवलंबितामागे शुल्क लागू झालं. सुरुवातीला महिन्याला शंभर रियाल, दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये चारशे. बायको आणि दोन मुलं म्हटलं, की महिन्याचे बाराशे रियाल. त्या काळात कितीतरी कुटुंबं मुलांच्या शाळेचे दाखले काढून परत गेली. त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकीच्या मनात एक प्रश्न कायम असतो: उद्या परत जावं लागलं तर तिथे मला नोकरी कोण देणार? प्रमाणपत्रांची फाईल ही त्या भीतीवरची आमची पुरचुंडी आहे. म्हणून ती फुगवत राहायची.

माझी एक सहकारी अशीच दोन वर्षांपूर्वी नाशिकला परत गेली. अकरा वर्षांचा इथला अनुभव, तीसहून जास्त प्रमाणपत्रं. तिने मला मुलाखतीनंतर फोन केला. फाईल त्यांनी हातात घेतली, वजन केल्यासारखी उचलली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, मॅडम, आठवीच्या वर्गावर एक पाठ घेऊन दाखवा. विषय दिला, तयारीला वीस मिनिटं दिली. तिने पाठ घेतला आणि तिला नोकरी मिळाली. “त्या तीसमधल्या दोनच अभ्यासक्रमांतलं मला त्या वीस मिनिटांत आठवलं,” ती म्हणाली, “जे दोन मी वर्गात वापरून बघितले होते, तेच.”

तिच्या या वाक्यावरून आम्ही चौघींनी एक साधी रीत पाडली. वर्षभरात तक्त्यासाठी जे करायचं ते करतोच, ते टळणारं नाही. पण त्यातला एक अभ्यासक्रम महिन्याला ‘खरा’ करायचा. चौघींनी तोच, आपापल्या वेळी. त्यातली एकच गोष्ट निवडून वर्गात दोन आठवडे वापरायची. मग शनिवारी सकाळी एकीच्या घरी चहाला जमायचं आणि काय झालं ते सांगायचं. फसलं तर फसलं असं सांगायचं. कॅमेरा नाही, हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही. २०१८ च्या जूनपासून इथे बायकांना गाडी चालवता येते, त्यामुळे चौघींपैकी एक जण तिघींना घेऊन येते. नवऱ्यांच्या सवडीवर आमचं शिकणं आता अडत नाही. सुटीच्या काळात वहिनीही फोनवरून येऊन बसतात. त्यांची हिंदी सोलापुरी आणि माझ्या मैत्रिणींची मल्याळी, पण शिक्षकांचं शिक्षकांना कळतं.

हे काही मोठं काम नाही. पण शाळा चालवणाऱ्यांना यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली, शाळेतल्या शाळेत करायचे जे पंचवीस तास आहेत, ते पुन्हा एखाद्या व्याख्यानात घालवण्याऐवजी शिक्षकांना एकमेकांचे तास बघायला द्यावेत आणि वेळापत्रकातच त्याची जागा ठेवावी. दुसरी, किती तास झाले याबरोबर ‘वर्गात काय बदललं’ हा एक रकाना तक्त्यात वाढवावा. रकाना आला, की त्यात लिहायला काहीतरी करावं लागेल.

आणि ज्यांच्या घरात शिक्षिका आहे, त्यांच्यासाठी. मुलगी, सून, बायको, वहिनी, कुणीही असो. ती मोबाइल घेऊन बसली म्हणजे रिकामी बसली असं नसतं. आठवड्यातून एक तास तिला दार लावून बसू द्या. त्या तासाभरात भाजी कुणीतरी दुसऱ्याने चिरली तर चालते. परत यायच्या तयारीत असलेल्यांना एक सांगते. शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र २०२१ पासून आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं, पूर्वी ते सात वर्षांचंच असायचं. जुनं असेल तर शोधून ठेवा. बाकीच्या फाईलमधून असे दोन-तीन अभ्यासक्रम वेगळे काढा, जे तुम्ही वर्गात खरोखर वापरले, आणि त्यांविषयी पाच मिनिटं बोलता येईल अशी तयारी ठेवा.

या महिन्याचा आमचा अभ्यासक्रम भूमितीचा आहे. वहिनींनी आधीच कळवलंय, की त्यांच्याकडे भूमितीची पेटी एकच आहे आणि मुलं एकोणतीस. त्यांनी सुतळी आणि खडूने अंगणात वर्तुळं काढायचं ठरवलंय. आमच्याकडे पेट्या भरपूर आहेत, पण अंगण नाही. कुणाचा पाठ जास्त रंगतो, ते शनिवारी बघू.